तहकीक कोणी करायची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की भिवंडीपासून मिरजेपर्यंत आणि महाडपासून मालेगावपर्यंत आपल्या वस्त्यांत गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. शादीखान्यात खुर्च्या मांडतात, तिलावत होते, नात पढली जाते आणि मग पाहुणे उभे राहतात. त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते. ‘आपल्याकडे पहिला आदेश आला तोच मुळी इक्रा, म्हणजे वाच!’ लोक माना डोलावतात. नंतर टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने मुलांची नावे पुकारली जातात. कोणाला ट्रॉफी मिळते, कोणाला दप्तर, कोणाला भिंतीवरचे घड्याळ. अशा कितीतरी समारंभांत मी बसलो आहे. ‘बेटा, तू स्वतः शोधून काढलेली एखादी गोष्ट आम्हाला सांग,’ असे व्यासपीठावरून कोणी एखाद्या मुलाला म्हटल्याचे मात्र मला आठवत नाही.

आपल्या तालीमच्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट गळालेली आहे, असे माझे म्हणणे आहे. शाळा हव्यात, शिष्यवृत्त्या हव्यात, वसतिगृहे हवीत, याबद्दल वाद नाही. पण एखाद्या विद्यार्थ्याने एक प्रश्न स्वतःचा म्हणून हाती घ्यावा, त्याच्यामागे सहा महिने पायपीट करावी, सापडले ते आणि सापडले नाही तेही प्रामाणिकपणे लिहावे, या कामाला आपल्याकडे कवडीची किंमत नाही. हे काम म्हणजे श्रीमंतांच्या मुलांची हौस, असे आपण ठरवून टाकले आहे. या लेखात मला याच समजुतीशी भांडायचे आहे.

आधी आपल्याकडे ‘प्रकल्प’ नावाने काय चालते ते पाहू. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे केले आणि त्यानंतर शाळा-महाविद्यालयांत प्रकल्पांच्या फायलींचा पूर आला. हेतू चांगला होता. मुलांनी वर्गाबाहेर पडावे, आपला परिसर पाहावा, नोंदी कराव्यात. प्रत्यक्षात काय झाले? प्रत्येक गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले. ‘जलप्रदूषण’, ‘वृक्षतोड’, ‘लोकसंख्यावाढ’, पाहिजे तो विषय घ्या. आत चिकटवायची चित्रे वेगळी मिळतात, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश आयते मिळतात, फक्त नाव आणि हजेरी क्रमांक घालायचा. काल्हेरच्या एका मुलाची अशी फाईल मी पाहिली आहे. विषय होता गंगेचे प्रदूषण. कानपूरच्या कातडी कारखान्यांचे रंगीत चित्र होते, हरिद्वारच्या घाटाचेही होते. या मुलाच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर उल्हास नदीची खाडी आहे. तिचे नाव संपूर्ण फाईलमध्ये एकदाही आलेले नव्हते. त्याला पूर्ण गुण मिळाले होते, कारण वेष्टन चकचकीत होते आणि अक्षर वळणदार होते.

त्या मुलाला मी दोष देत नाही. व्यवस्थेने त्याला जे शिकवले ते तो शिकला. ज्ञान ही कुठेतरी लांब तयार होणारी वस्तू आहे आणि आपण ती आणून चिकटवायची असते, हा तो धडा. आपली खाडी, आपली गल्ली, आपला बाप ज्या गोदामात माल उतरवतो ते गोदाम, यांत जाणण्यासारखे काही नाही, हा त्या धड्याचा दुसरा भाग. चौदा-पंधराव्या वर्षी हे मनात बसले की पुढे माणूस पदवीधर होवो वा नोकरदार, तो आपल्या जगण्याबद्दल दुसरा काय म्हणतो ते ऐकत बसतो.

आणि काल्हेर तर असे गाव आहे की जिथे प्रश्न रस्त्यावर पडलेले आहेत. ठाण्याहून बाळकुम सोडून कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर येते, पुढे पूर्णा आणि अंजूरफाटा लागतो. खाडीकाठची ही जमीन एकेकाळी भाताची आणि मासेमारीची. मग गोदामे आली. ती इथेच का आली, हे आज किती मुलांना सांगता येईल? मुंबई बंदर आणि मुंबईची बाजारपेठ जवळ, नाशिककडे आणि गुजरातकडे जाणारे महामार्ग हाताशी, जमीन मुंबईच्या मानाने स्वस्त आणि महत्त्वाचे म्हणजे मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर. माल इथे उतरवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाला, मुंबईची जकात गेली. जकातीमुळे आलेली गोदामे जकात गेल्यावर ओस पडायला हवी होती. तसे झाले नाही. घरपोच मालाचा धंदा वाढला आणि गोदामे अधिक मोठी होत गेली. असे का घडले, हा अर्थशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्याला पुरून उरेल असा विषय आहे आणि त्याची निम्मी उत्तरे त्याच्या शेजारी राहणाऱ्या हमालाला, ड्रायव्हरला आणि जमीन भाड्याने दिलेल्या आगरी शेतकऱ्याला माहीत आहेत.

त्यात शेजारी भिवंडी. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांचे हातमाग, त्यांचे पुढे झालेले यंत्रमाग, त्यांच्याआधीपासून इथे नांदणारे कोकणी मुसलमान, तेलंगणातून आलेले पद्मशाली, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार. एका भिंतीच्या दोन बाजूंना मराठी, कोकणी, उर्दू, भोजपुरी आणि तेलुगू बोलली जाते. मागाचा खडखडाट जन्मभर ऐकून कामगारांच्या कानांचे काय होते? एका मागवाल्याने माग भंगारात काढला तर त्या जागेवर काय येते? काल्हेरला येणारी मेट्रो ५ कोणासाठी सोयीची ठरणार आणि तिच्यामुळे कोणाचे भाडे वाढणार? खाडीतला मासा कोणत्या वर्षांपासून कमी झाला, हे कोळणीला विचारून कोणी लिहून ठेवले आहे काय?

आता समजा, काल्हेरमध्ये राहणारी, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एखादी मुलगी एकच प्रश्न हाती घेते. आमच्या आळीतली मुले दहावी-बारावीनंतर शिक्षण सोडून गोदामात का जातात? उत्तर सर्वांना आधीच ठाऊक आहे. आई-बाप म्हणतात, गरिबी. बुजुर्ग म्हणतात, मोबाइलने पोरे बिघडली. पुढारी म्हणतात, शिकून तरी मुसलमानाला नोकरी कोण देतो? तिचे स्वतःचेही एक उत्तर असणार. ती वही घेऊन निघते आणि पहिल्याच घरात अडते. ‘शाळा का सोडलीस?’ असे विचारल्यावर मुलगा म्हणतो, ‘असंच.’ दुसऱ्या घरी, ‘असंच.’ तिसऱ्या घरी तो उत्तरच देत नाही. तेव्हा तिला कळते की ‘का’ असे सरळ विचारून ‘का’चे उत्तर मिळत नाही. मग ती प्रश्न फोडते. शाळेत शेवटचा कधी गेलास? त्या महिन्यात घरात काय झाले होते? कामाला कोणी लावले? पहिला पगार किती आणि तो कोणाच्या हातात दिलास? या प्रश्नांना उत्तरे येऊ लागतात. बहिणीचे लग्न, बापाच्या पाठीला झालेली दुखापत, परीक्षेच्या अर्जाची हुकलेली तारीख, वर्गात मास्तर सर्वांसमोर जे बोलले ते.

पुढे दुसरी अडचण. आईचे उत्तर आणि मुलाचे उत्तर जुळत नाही. कोणाचे खरे? दोन्ही लिहायची, हे तिला कोणीतरी सांगावे लागेल किंवा तिचे तिलाच उमजेल. मग तिसरी. ती दुपारी फिरते, म्हणजे जे पाळीवर गेलेत ते तिला भेटतच नाहीत. ज्यांच्याबद्दल प्रश्न आहे तेच वहीतून वगळले जाताहेत. म्हणून जुम्म्याच्या नमाजनंतर, रविवारी, रात्री जेवणे झाल्यावर पुन्हा जावे लागते आणि भावाला सोबत घ्यावे लागते. भाऊ सुरुवातीला कुरकुरतो, नंतर स्वतःच प्रश्न सुचवू लागतो. गोदामाचा सुपरवायझर दारातून परत पाठवतो. तिथे ती वहीत लिहिते, ‘माहिती मिळाली नाही.’ हे वाक्य विकतच्या फाईलमध्ये कधी नसते. शेवटी सगळ्या नोंदी मांडल्यावर तिच्या लक्षात येते की तिचे मूळचे उत्तरच पुरते बरोबर नव्हते. आता ते खोडायचे की नोंदी वाकवायच्या? या एका क्षणी तिची खरी परीक्षा होते. तिथे पर्यवेक्षक नसतो, कॉपी पकडायला भरारी पथक नसते. ती स्वतःच स्वतःची परीक्षक असते.

या मुलीला गुण किती मिळाले याला माझ्या लेखी महत्त्व नाही. सहा महिन्यांत तिच्यात काय बदलले ते पाहा. ती अनोळखी दारात उभी राहायला शिकली. ऐकायला शिकली. ‘मला वाटते’ आणि ‘मला आढळले’ यांतला फरक तिला कळला. आपल्या माणसांबद्दल कडवट गोष्ट समजली तरी त्यांच्याबद्दलची आपुलकी कमी होत नाही, याचा तिला अनुभव आला. आणि ज्या घरांत तिने वेळ घेतला तिथे परत जाऊन ‘तुम्ही सांगितले त्यातून मला हे दिसले’ असे ती म्हणाली, तर विद्येचे ऋण कसे फेडायचे तेही ती शिकली. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत टाय बांधायला आणि इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात. तिथे यातले काय मिळते?

यावर आक्षेप येणारच. त्यांना टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप पोटाचा. ‘सर, संशोधन म्हणजे भरल्या पोटाचा उद्योग. आमच्या पोराला उद्या कमवायचे आहे.’ हे म्हणणारा बाप खोटे बोलत नाही. पण मी त्याला विचारतो, घरात कागदपत्रांची पिशवी कुठे ठेवली आहे? तो क्षणात सांगेल. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नावाचे एक अक्षर चुकले, रेशनकार्डावर दुसरे चुकले, तर काय भोगावे लागते हे आपल्या घरातल्या न शिकलेल्या दादीलाही माहीत आहे. पुरावा म्हणजे काय हे गरिबाला श्रीमंतापेक्षा जास्त कळते, कारण पुरावा नसल्याचा दंड तोच भरतो. नोंद कशी करावी, कागद कसा तपासावा, एका कागदाची दुसऱ्याशी पडताळणी कशी करावी, हे शिकणे म्हणजे चैन कशी? आणि खर्च तरी किती? एक वही, एक पेन, शेअर रिक्षाचे भाडे. विकतच्या फाईलपेक्षा स्वस्तच पडेल.

दुसरा आक्षेप इज्जतीचा. ‘आपले दोष आपणच उघडे केले तर बाहेरचे त्यांचे भांडवल करतील.’ ही भीती निराधार नाही. आपल्याविरुद्ध काहीही वापरले जाते. परंतु आकडे नसले की फायदा कोणाचा होतो, ते पाहा. न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्याआधी वर्षानुवर्षे सांगितले जात होते की मुसलमान आपली मुले मदरशांतच पाठवतात. समितीने मोजून सांगितले, शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मदरशांत जातात. हा खोटेपणा भाषणांनी गेला नव्हता, तो एका आकड्याने उघडा पडला. त्याच अहवालाने आपल्यालाही आरसा दाखवला. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता ६५.१ टक्के, मुस्लिमांची ५९.१ टक्के. नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम, पदव्युत्तर वर्गांत ५० मागे एक. आता एक गंमत सांगतो. त्याच २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची एकूण ७६.९ टक्के. म्हणजे इथे आपण सरासरीच्या थोडे पुढे होतो. मग अडचण साक्षरतेत नव्हती, ती नंतर कुठेतरी होती. आठवीत? दहावीनंतर? मुलांच्या बाबतीत एके ठिकाणी आणि मुलींच्या बाबतीत दुसऱ्या? दिल्लीत बसलेली समिती काल्हेरच्या आळीतले हे उत्तर देऊ शकत नाही. ते काल्हेरनेच द्यायचे आहे. ‘मुसलमान मागास’ असे म्हणणारा आणि ‘आमच्यावर अन्यायच अन्याय’ असे म्हणणारा, दोघेही मोजमापाविना बोलतात तोवर दोघांचेही फावते.

तिसरा आक्षेप मुलींचा. ‘दारोदार फिरायचे, परक्या पुरुषांशी बोलायचे, हे आपल्या घरात चालत नाही.’ त्याच घरांतल्या मुली गोदामांत पॅकिंगला जातात, धागे कापायला जातात, शिकवण्या घ्यायला जातात. तेव्हा कोणी मोहल्ल्याची बैठक बोलावत नाही. हातात पैसे येतात तोवर रस्ता सुरक्षित असतो, हातात वही आली की तोच रस्ता धोक्याचा होतो! हा पर्द्याचा प्रश्न नाही, प्रश्नांचाच पर्दा आपल्याला नको आहे. शिवाय ज्या घरांत पुरुष संशोधकाला बाहेरच्या ओट्यावरूनच परतावे लागते तिथे आतल्या खोलीपर्यंत पोहोचणारी हीच मुलगी असते. दादीने फाळणीच्या वर्षी काय पाहिले, बाळंतपणे कशी झाली, तलाकनंतर आत्या कशावर जगली, मेहरची रक्कम कागदावर किती आणि हातात किती पडली, या गोष्टी तिच्याशिवाय कोणालाही सांगितल्या जाणार नाहीत.

चौथा आक्षेप दबक्या आवाजात येतो. ‘जास्त सवाल विचारायची सवय लागली की ईमान डळमळते.’ हे म्हणणाऱ्यांना मी आदराने विचारतो की हदीसचे शास्त्र कशावर उभे आहे? इमाम बुखारी ८१० ते ८७० या काळातले. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या मुहद्दिसांनी एकेका कथनासाठी गावेच्या गावे पालथी घातली. अमुक गोष्ट कोणी सांगितली, त्याने कोणाकडून ऐकली, दोघांची गाठ पडणे शक्य होते का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी होती, तो व्यवहारात खरा होता का, अशी सनदेची कडी न् कडी तपासली. सांगणाऱ्यांच्या चरित्रांचे एक स्वतंत्र शास्त्रच, इल्मुर्रिजाल, तयार झाले. कथन कितीही गोड असो, सनद कच्ची असली तर ते जईफ ठरवले गेले. ईमान असलेल्या माणसांनीच ही छाननी केली. इब्न अल-हैसम याने थोर टॉलेमीच्या ग्रंथांवरील आपल्या शंकांचे पुस्तकच लिहिले. अल-बिरूनी हिंदुस्थानाबद्दल लिहायचे म्हणून संस्कृत शिकला आणि इथल्या पंडितांना विचारविचारून त्याने १०३० च्या सुमारास आपला ग्रंथ पुरा केला. ही नावे आपण भाषणांत मोरपिसासारखी मिरवतो. त्यांची रीत मात्र आपल्या घरात चालत नाही. मोबाइलवर आलेला संदेश सनद न विचारता पुढे पाठवणाऱ्या कौमला बुखारींचे नाव घेण्याचा हक्क किती उरतो?

याचे अलीकडचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने जाहीर केले की सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी फातिमा शेख हे आपण निर्माण केलेले काल्पनिक पात्र आहे. आपल्याकडे संताप उसळला. निषेधाचे संदेश फिरले, तिचे चित्र फिरले, शिव्याही फिरल्या. पण त्या दाव्याला खरा छेद कशाने गेला? एका पत्राने. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचा उल्लेख आहे आणि हे पत्र मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात कित्येक वर्षांपूर्वीच छापलेले होते. ते अभ्यासकांनी दाखवले आणि वाद एका जागी येऊन थांबला. आता प्रामाणिकपणे पुढचे पाऊल टाकू. ९ जानेवारी ही तिची जन्मतारीख म्हणून आपण दर वर्षी साजरी करतो. या तारखेला आधार कोणता? तिच्या चरित्रातल्या इतर गोष्टींना कोणता? पत्र जेवढे सिद्ध करते तेवढेच सिद्ध झाले, उरलेले शोधायचे आहे, असे म्हणणारा विद्यार्थी फातिमेचा अपमान करत नाही. तिच्या बाजूने उभे राहू शकेल असा तोच एकमेव माणूस आहे. तिच्या नावाने पुरस्कार देणाऱ्या आपल्या संस्थांपैकी किती जणांनी एखाद्या मुलीला पुण्याच्या जुन्या दप्तरांत सहा महिने बसवले?

भिवंडीचीही अशीच गोष्ट. ७ मे १९७० ची दंगल आपण न्या. मादन आयोगाच्या अहवालातून वाचतो. १९८४ च्या दंगलीची कागदपत्रे असगर अली इंजिनियर यांनी संपादित केली, हा आपल्यातल्या एका अभ्यासकाचा अपवाद. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ती का शांत राहिली, या प्रश्नावर मराठीत पुस्तक लिहिले ते मोहल्ला समित्या बांधणारे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी. ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या शीर्षकातच प्रश्न आहे. खोपडे यांचा प्रश्न मोलाचा आहे. पण त्या समित्यांत बसलेले आपले वडील, चुलते, शेजारचे पाटील, यंत्रमागवाले सेठ, यांच्या आठवणी कोणी घेतल्या? दर वर्षी त्यांतले काही कबरस्तानात जातात आणि काही स्मशानात. एका पोलीस अधिकाऱ्याला जो प्रश्न पडला तो आपल्या एकाही महाविद्यालयीन वर्गाला प्रकल्प म्हणून पडू नये, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

सरकारची जबाबदारी मी झाकत नाही. संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ पासून चालू असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी पीएच.डी.पर्यंत पोहोचले होते त्याच्या पायाखालची फळी काढून घेतली गेली. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ ही संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. तिला पुरेसा निधी आणि माणसे मिळावीत म्हणून भांडलेच पाहिजे. परंतु फेलोशिप ही इमारतीच्या वरच्या मजल्याची गोष्ट. तळमजला शाळेत आणि पदवीच्या वर्गात बांधायचा असतो आणि त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी स्थानिक प्रश्नावर प्रकल्प करावा म्हणून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ मध्ये सुरू झाली. सहावी आणि नववीच्या मुलांसाठीच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत कृतिसंशोधनाचा टप्पा असतो. विद्यापीठांच्या पातळीवर २००६ पासून ‘आविष्कार’ हे संशोधन संमेलन आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या श्रेयांकांतच क्षेत्रीय प्रकल्प आला आहे. दारे आहेत. आपल्या किती शाळांनी ती ठोठावली? आणि क्षेत्रीय प्रकल्प आल्याबरोबर झेरॉक्सच्या दुकानात त्याचीही तयार फाईल आली नसेल, असे कोणी छातीठोकपणे सांगेल काय?

म्हणून माझ्या मागण्या सरकारकडे कमी आणि आपल्याकडे जास्त आहेत. मास्तरांनी विकतची फाईल परत करावी, विद्यार्थी रडला तरी. मोडक्यातोडक्या अक्षरात लिहिलेल्या दहा खऱ्या नोंदींना चकचकीत वेष्टनापेक्षा जास्त गुण द्यावेत आणि ‘शोधले पण सापडले नाही’ या वाक्याला शून्य देऊ नये. मुलांनी ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत लिहावे. मराठीत लिहावे, उर्दूत लिहावे, आजीचे बोलणे कोकणीत किंवा दखनीत जसेच्या तसे उतरवावे. जमातींनी आपली दप्तरे मुलांसाठी उघडावीत. निकाहाची रजिस्टरे, कबरस्तानच्या नोंदी, मशिदीच्या जुन्या हिशेबाच्या वह्या, यांत एका गावाचा दीडशे वर्षांचा इतिहास वाळवी खात पडलेला आहे. मागवाल्यांनी आणि गोदामवाल्यांनी आपल्याच घरातल्या मुलाला आपल्याच कामगाराचा पगार विचारू द्यावा. उत्तर गैरसोयीचे निघाले तर ते ऐकण्याची हिंमत ठेवावी, कारण दुसऱ्यांच्या अन्यायाचा हिशेब मागणाऱ्याला स्वतःची वही बंद ठेवता येत नाही. आणि गुणगौरव करणाऱ्या संस्थांनी टक्केवारीच्या दहा बक्षिसांतले निदान एक अशा प्रकल्पाला द्यावे, आणि ते देण्याआधी त्या मुलाला किंवा मुलीला दहा मिनिटे बोलू द्यावे. पाहुण्यांनी तेवढा वेळ खाली बसून ऐकावे.

हे सगळे निवांतपणे कधीतरी करू, असे म्हणायला आता वेळ नाही. काल्हेरची जमीन डोळ्यांदेखत बदलते आहे. भाताची खाचरे गेली, कांदळवन आकसले, जुनी कौलारू घरे मोजकी उरली, गोदामांच्या रांगांमागे उंच इमारती उभ्या राहिल्या आणि रस्त्याच्या डोक्यावर मेट्रोचे खांब आले. पन्नास वर्षे पाठीवर गठ्ठे वाहिलेला माणूस अजून ओट्यावर बसलेला आहे, खाडीत होडी घालणारी पिढी अजून बोलते आहे. आणखी दहा वर्षांनी ती बोलणार नाही. तेव्हा बाहेरचा कोणी अभ्यासक येईल, चार मुलाखती घेईल, आपल्याबद्दल लिहील आणि आपण म्हणू की त्याने आमच्याबद्दल चुकीचे लिहिले. बरोबर काय होते हे सांगायला आपल्याजवळ तेव्हा कागद असणार आहे काय? तो कागद आज लिहिला गेला तरच असेल आणि तो लिहू शकेल असा विद्यार्थी या क्षणी काल्हेरच्या कुठल्यातरी खोलीत बसून गंगेचे चित्र चिकटवतो आहे.